मांजराने प्यालेलं सरकारी तेल

सरकारने माझ्या सासऱ्यांसाठी दिलेलं औषध मी मांजराला पाजलं, आणि वर स्वतःला शहाणी समजले. तेव्हा मी नुकती लग्न होऊन दिघीला आले होते. चौथी पास, म्हणजे घरातली सगळ्यात शिकलेली. त्यामुळे संशय घेण्याचा मक्ता माझ्याकडेच होता.

मामंजी लढाईत कैद झाले होते. परमुलखात एका बंद गोदामात, ऊन न बघता, मूठभर भातावर त्यांनी दिवस काढले. परत आले ते हाडं मऊ झालेली घेऊनच. कंबर ठणकायची, उठताना भिंत धरावी लागायची, आणि चालायचे ते बदकासारखे डुलत. लोकांनी बघू नये म्हणून दिवसभर माजघरात बसून असायचे. या दुखण्याची त्यांना पेन्शन होती, घर तिच्यावरच चालायचं. मधूनमधून लष्करी दवाखान्यात डॉक्टरांचं बोर्ड बसायचं आणि अपंगत्व किती उरलंय ते ठरवायचं.

त्या वर्षी डॉक्टरांनी माशाचं तेल सुरू केलं. रोज दोन चमचे, आणि सकाळचं ऊन उघड्या अंगावर. (आज माझी नात तेच हाडांचं 'डी' जीवनसत्त्व पुडीतून दुधात घालून घेते आणि मी गुपचूप बघते.) मला मात्र त्यात कारस्थान दिसलं. शेजारच्या काकूंच्या दिराचा गोळी लागलेला हात बरा झाला आणि पेन्शन बंद झाली, हे मला ठाऊक होतं.

"फुकट अवशीद देत्यात व्हय गं?" काकू म्हणाल्या. "आदी बरं करत्यात, मंग पेन्शन तोडत्यात. म्हाताऱ्याला जप."

जपलंच मी! घर माळकरी, त्यात तेल माशाचं. मामंजी डोळे मिटून, नाक दाबून चमचा घ्यायचे. बाटलीत मी करडईचं तेल भरलं तरी त्यांना पत्ता लागला नाही. खरं तेल परसातल्या खापरात. ते चाटून एक मांजर इतकं तुकतुकीत झालं की आपलं दूध तेच चोरून पितं, असा काकूंना वहीम यायला लागला. मामंजी अंगणाकडे निघाले की मी आडवी. "भोवळ यील, मामंजी. आत बसा." ते गुमान बसायचे, आणि सून किती काळजी घेते ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

बोर्डाच्या दिवशी ह्यांची पिंपरीच्या कारखान्यात पहिली पाळी होती, म्हणून मामंजींबरोबर मी गेले. बाटली पिशवीत, भरून आणायला. मी पडद्याबाहेर बाकावर बसले. आतून डॉक्टरसाहेबांचा आवाज आला.

"इतने महीने से तेल पी रहा है, धूप ले रहा है, और हड्डी वैसी की वैसी? बाबा, दवा पीते हो, या पेन्शन के लिए फेंक देते हो?"

"पितो साब. माळेची आण."

"दवा नहीं लेनेवाले की पेन्शन कट सकती है, मालूम है?"

जी पेन्शन वाचवायला निघाले होते, तीच मी घालवत होते, आणि खरं बोलणारा म्हातारा खोटा पडत होता. पडदा सारून आत घुसले.

"साहेब, त्यांनी न्हाई फेकलं. मी मांजराला पाजलं!"

साहेबांना हेही पटेना. "सिखा के लाए हो?"

मी बाटली पुढे केली. त्यांनी बोट बुडवून हुंगलं, चाखलं. निघाली करडई.

"और धूप?"

"तेबी मीच बंद केलं. बरं झालं की पेन्शन तोडता ना तुमी?"

अर्दली भिंतीकडे तोंड करून हसत होता. साहेब हसले नाहीत. "हाँ, कम तो होगी," म्हणाले. आणि मला, बघा अक्कल, आतल्या आत जिंकल्यासारखं वाटलं!

पेन्शन पुढच्या तपासणीपर्यंत आहे तशी राहिली. नवी बाटली साहेबांनी मामंजींच्याच हातात दिली. परतताना बसमध्ये ती त्यांनी मांडीवरच धरून ठेवली. दापोडीला उतरलो, तिथून दिघीची गाडी मिळायची. मी सावलीला ओढायला लागले, तर हात सोडवून घेऊन ते रस्त्यावरच उन्हात उभे राहिले आणि म्हणाले,

"सरकारचा वहीम घेतलास, त्यात काय चुकली न्हाईस, पोरी. पन एकडाव मलाबी इचारायचं व्हतंस, मामंजी, तुमास्नी पेन्शन पायजे का पाय पायजेत?"