चुडामणभाऊचं बेट

बेटावर पाहण्यासारखं काय आहे, असं चुडामणभाऊला कधी विचारू नये. विचारलंत की तो वल्हं आडवं ठेवतो, नाव तशीच तरंगत सोडतो आणि सुरू होतो. साक्रीच्या अलीकडे एका धरणाच्या पाण्यात उरलेलं ते एवढंसं टेकाड. तोंडातलं पान संपायच्या आत फेरी मारून होते. एक कडुनिंब, एक सिमेंटचा बाक, पाणकावळ्यांनी पांढऱ्या करून टाकलेल्या चार बाभळी आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर डोकावणारा महादेवाच्या देवळाचा कळस. झालं बेट! पण चुडामणभाऊच्या तोंडून ऐकाल तर काश्मीरला जायचा बेत रद्द कराल.

मी धुळ्याहून सवड मिळेल तेव्हा तिथे जातो. तिथे करायचं काय, तर काहीच नाही, आणि तेच मला आवडतं. बाकावर बसायचं, कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर त्याने भाजलेल्या वांग्यांचं भरीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर हाणायचं आणि सूर्य बुडाला की परत यायचं.

माणूस सोन्यासारखा, खोड एकच. पाहुण्याला 'नाही' म्हणून म्हणता येत नाही. कोणी 'वा, चुडामणभाऊ' म्हटलं की हा विरघळलाच. कोणाला टेकायला जागा हवी होती, म्हणून याने सिमेंटच्या गोण्या नावेतून वाहिल्या. कोणाला याची अहिराणी कळेना, म्हणून हा बातम्यांतल्यासारखं मराठी बोलायला शिकला. धरणात गाव बुडालं तेव्हा हा पोरसवदा होता. शेत पाण्याखाली गेलं, बदल्यात माळावरचा खडकाळ तुकडा मिळाला. तिथे कुसळांपलीकडे काही उगवेना, तेव्हा याने नाव धरली. त्याआधी जन्मात त्याला कोणी 'वा' म्हटलं नव्हतं, त्यामुळे त्याच्या खोडीला मी हसायचो, चिडायचो नाही.

पण त्या टेकाडाचं खरं काम वर्षातून एकच दिवस असतं आणि ते पाहुण्यांच्या गावीही नसतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात आणि निंबाला झोके बांधून दिवसभर गातात. या गावच्या लेकी नव्या गावात भावांकडे उतरतात, पण झोका तिथे बांधत नाहीत. आम्ही काय या पत्र्याच्या घरांतून सासरी गेलो का, म्हणतात. बाभळी मागाहून उगवलेल्या; बुडालेल्या गावातलं वर राहिलेलं झाड म्हणजे हा एकच कडुनिंब. त्याच्या एका जाडजूड, आडव्या फांदीवर त्यांच्या आया, आज्या झुललेल्या. दोर बांधायचा मान चुडामणभाऊचा. साऱ्यांचा तो भाऊ, आणि सगळ्यांत थोरली बेबाबाई तर त्याची सख्खी बहीण, याला कडेवर घेऊन वाढवलेली.

यंदा होळीच्या सुमारास एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला आलं. फोटोवाला म्हणाला, "काका, सूर्य मस्त आहे हो, पण ही फांदी मधे येते." पुढच्या पाहुण्यांनीही तेच सांगितलं. चुडामणभाऊने करवत नेली आणि ती फांदी बुंध्यापासून उतरवली. त्याला आखाजी आठवली नव्हती असं नाही. झोका दुसऱ्या फांदीला बांधू, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. मग दोर टाकून पाहिला, तर बाकीच्या फांद्या एक तर हात पोचणार नाही इतक्या उंच, नाही तर किडकिडीत. एक तर त्याच्या एकट्याच्या वजनाने मोडली.

तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण लाज आडवी आली. त्याने बहिणीला फोन लावून नाव फुटल्याची थाप मारली आणि सगळ्यांना पुढच्या वर्षी यायला सांगितलं, "अक्का, औंदा नाव फुटेल शे. पुढला साले या बठ्ठ्या."

हे त्याने मला सांगितलं ते आखाजीच्याच सकाळी, बाकावर बसून. मी अचानक जाऊन धडकलो होतो आणि मला 'नाही' म्हणणं त्याला जमलं नव्हतं. धडधाकट नाव खाली खुंटाला बांधलेली होती.

"फोन कर आणि खरं काय ते सांग," मी म्हणालो.

"कोणत्या तोंडाने सांगू, साहेब? मला माझीच किळस येते."

तेवढ्यात पलीकडच्या काठावर लाल-पिवळे पदर दिसले. नावेवाचून त्या काठावरूनच परत जातील, असं तो म्हणाला. पण वैशाखात पाणी उतरलेलं होतं. जुन्या गावाचा गाडरस्ता मांडीभर पाण्याखाली होता, आणि त्या रस्त्याने लहानाच्या मोठ्या झालेल्या बायकांना तो कोणी दाखवावा लागत नाही. साड्या वर खोचून, एकमेकींचे हात धरून, गाणी म्हणत त्या ओळीने पाण्यातून येऊ लागल्या. पुढे बेबाबाई, खांद्यावर दोराचं वेटोळं. रोज त्याच पाण्यात नाव घालणाऱ्या माणसाला हे सुचलंच नव्हतं. तो उठला आणि निंबाला पाठ लावून उभा राहिला. पन्नाशीचा बाप्या, पण उभा चोरी पकडलेल्या पोरासारखा.

काठाला लागताच बेबाबाईने आधी नाव पाहिली.

"नाव ते धड शे रे."

मग तिने वर पाहिलं. मागचं गाणं बंद पडलं.

"फांदी कोनी तोडी?"

"मीच तोडी, अक्का. पाहुणासले सूर्य दखाये नही."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मला बाकावर बसवेना, मी उठलो. बेबाबाई येऊन तिथे बसली. खांद्यावरचा दोर तिने खाली ठेवला नाही.

"पाहुणासले काय काय दखाडस तू? आम्हले बी दखाड."

ती टोचून बोलते आहे, असं मला वाटलं. पण तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. चुडामणभाऊने हात वर केला आणि सवयीने बोलू लागला, तेही पाहुण्यांच्याच मराठीत. "इथून आपल्याला मंदिराचा कळस दिसतो. मंदिर फार प्राचीन आहे." ज्या देवळासमोर तिचं लग्न लागलं होतं, त्याची माहिती तो तिला देत होता. बायका निमूटपणे त्याच्या बोटाच्या रोखाने पाहत होत्या. बाभळींपर्यंत येऊन तो थांबला. तो मटकन खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माले मार वं, अक्का."

तिने मारलं नाही. ती उठली आणि तिने पुन्हा पदर खोचला. बाकीच्या तिच्यामागे उतरू लागल्या, तसा तो धडपडत नावेकडे धावला.

"नावमा बसा बठ्ठ्या. मी सोडस."

"नाव ऱ्हाऊ दे," पाण्यात पाय घालत ती म्हणाली. "पाहुणासले लागी."

त्या आल्या तशाच ओळीने परत निघाल्या. चुडामणभाऊ रिकामी नाव वल्हवत त्यांच्या मागोमाग पार पलीकडच्या काठापर्यंत गेला. मधेच एकीचा पाय घसरला. त्याने नाव तिच्या अगदी जवळ नेली. ती बाजूच्या बाईच्या खांद्याला धरून सावरली, नावेला तिने हात लावला नाही.