काकूंच्या नावाचं पत्र

अचानक दगावलेल्या माणसाचा मृत्यू कशाने झाला, हे शोधणारा सरकारी अधिकारी म्हणजे कॉरोनर. दोन हजार सहाच्या सुमारास इथे अमेरिकेत, आमच्या भागात, त्या कामात एक सुधारणा झाली. पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टसोबत घरच्यांना साध्या भाषेत पत्र पाठवायचं. ते पोचतं का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. ऑफिसात पाहिलं, तर प्रत्येक पोचपावतीवर सही. मी खूश! तिथली क्लार्क म्हणाली, "सही झाली म्हणजे वाचलं असं नाही. घरी जाऊन विचार." एवढ्या बर्फात कोण ड्राइव्ह करणार, म्हणून मी चरफडले. आज मात्र तिचे उपकार मानते.

ईडन प्रेरी गावात मुलाकडे राहणाऱ्या नागपूरच्या एका काकूंकडे गेले. काका वर्षापूर्वी त्याच घरात अचानक गेले होते. चहा झाल्यावर मी विचारलं, "काकू, पत्र समजलं का?"

"कोणतं पत्र?"

मुलाने मला घाईघाईने किचनमध्ये नेलं. "ताई, प्लीज! सही मीच केली. आईला दाखवलं नाही. चिरफाडीचं वाचून ती कोलमडेल यार."

आपली ही खोडच आहे. बाईला त्रास नको म्हणून तिच्याच नवऱ्याचं तिलाच सांगायचं नाही! मी भडकून काही बोलणार, तोच काकू दारात उभ्या. "आण रे ते पत्र," त्या म्हणाल्या. "माझं आहे ना?"

इंग्रजी पत्र मी मराठीत सांगत गेले. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी फाटली होती. घरी कुणी काहीही केलं असतं, तरी काका वाचले नसते.

काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "परत वाच."

मी परत वाचलं.

"छातीत जळजळतंय म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, ओवा खा नि पडा. वर्षभर वाटतंय, मीच मारलं त्यांना."

मुलगा त्यांच्या पायाशी बसला. "आई, अगं बोलायचंस ना!"

"तू तरी कुठे बोललास, बाळा?"

काका गेल्यापासून काकू एकदाही रडल्या नव्हत्या, हे त्याने मला नंतर सांगितलं. त्या दुपारी त्या पोटभर रडल्या, आणि मला परकी न समजता त्यांनी तिथे बसू दिलं.