थांबलेले शहाण्णव दिवस

नेत्र रुग्णालयात त्याला सगळे चौकटराव म्हणत. प्रतीक्षायादी सांभाळणारा कारकून. वय त्रेपन्न, लग्न राहून गेलेलं, घरी विधवा धाकटी बहीण. माणसांपेक्षा संगणकावरच्या शीटमधल्या चौकटींवर त्याचा विश्वास जास्त, आणि ते त्याने कधी लपवलंही नाही. जाड पुस्तक पुढ्यात ठेवून तो आपला आपण मॅक्रो, म्हणजे शीटला द्यायचे हुकूम, लिहायला शिकला होता: या चौकटीतलं वाच, त्या चौकटीत टाक. सांगितलं तेवढंच करणारा रुग्णालयातला एकमेव नोकर म्हणजे हा मॅक्रो.

यादी बुबुळ बदलून हवं असणाऱ्यांची. दानातलं बुबुळ आलं की सर्वांत जास्त दिवस थांबलेल्याला बोलवायचं. दिवसांचा रकाना सूत्रावर चाले. आजच्या तारखेतून नोंदणीची तारीख वजा. वरचं नाव मॅक्रो काढून देई. पूर्वी वशिल्याची माणसं मधेच घुसत, चौकटरावाने त्यांची वाट बंद केली. बहिणीचं नावही याच यादीत होतं. ती कपडे शिवायची. दोन्ही बुबुळं पांढुरकी होत गेल्यावर मशीन बंद पडलं. उद्या कुणी बोट दाखवायला नको म्हणून दोन वर्षांत तिची ओळ त्याने एकदाही पाहिली नव्हती.

"दादा, मागच्या गल्लीतल्या शिक्षिकाबाईंना बोलावणं आलं. माझ्यानंतर वर्षभराने नाव घातलं होतं त्यांनी."

"यादी चुकत नाही."

"आणि यादीवाला?"

"तोही नाही."

"मग माझ्याच डोळ्यांना चुकीचं दिसलं असेल. सवयच आहे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिची ओळ उघडली. शहाण्णव दिवस. चौकटीवर क्लिक केलं तर खाली सूत्र नव्हतं, नुसताच आकडा. वरच्या ओळीतही तेच. अशा तीनशेबारा ओळी.

त्याला लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी नावांमागच्या नको त्या मोकळ्या जागा काढायला त्याने मॅक्रो लिहिला होता: प्रत्येक चौकटीतलं मूल्य वाच, साफ कर, परत तिथेच ठेव. निवडायचा होता नावांचा रकाना, निवडला गेला अख्खा तक्ता. मॅक्रोने दिवस बरोबर वाचले, बरोबर ठेवले, आणि ठेवताना खालचं सूत्र पुसून टाकलं. चार सेकंदांत काम. चौकटराव खूश होऊन चहा प्यायला गेला होता. त्या दिवसापासून जुन्यांचे दिवस गोठले. नंतर आलेल्यांचे रोज वाढत राहिले आणि ती माणसं एकेक करून पुढे गेली.

दुपारच्या आत त्याने सूत्रं परत घातली आणि मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन सगळं सांगितलं, चूक कबूल करणारा अर्जही पुढे ठेवला.

"आता नीट झालं ना?"

"झालं, सर."

"मग लेखी कशाला देताय?"

"तीनशेबारा माणसं अजून थांबलीयत, सर. माझ्यामुळे."

"थांबणाऱ्यांचीच यादी आहे ती, चौकटराव," डॉक्टर म्हणाले आणि अर्ज परत केला.

पाचव्या आठवड्यात बहिणीचा नंबर लागला. तिने सकाळी दोनदा वेणी घातली. डॉक्टरांनी एक डोळा तपासला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. मधल्या काळात डोळ्यांतला दाब वाढला होता. आतली नस सुकली होती. नवं बुबुळ बसवून दिसणार काहीच नव्हतं. "वर्षभर आधी आल्या असत्या तर," इतकं म्हणून डॉक्टर थांबले आणि हात धुवायला गेले.

बाहेरच्या बाकावर त्याने तिला ते सांगितलं. गोठलेल्या दिवसांबद्दलही सांगितलं. काही गाळलं नाही.

"मुद्दाम केलंस?"

"नाही गं."

"मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "रागावता तरी आलं असतं."

तिने बाकाची कड चाचपली आणि जरा सरकून बसली. "जा, तुझं काम उरकून ये. बुबुळ खोळंबलं असेल कुणासाठी तरी."

तो टेबलाशी गेला. तिच्या ओळीत निकालाचा रकाना रिकामा होता. निवडायला चार पर्याय: शस्त्रक्रिया झाली, मृत्यू, नकार, उपयोग नाही. हे चारही शब्द त्यानेच बसवले होते. त्याने चौथा निवडला. ओळ यादीतून गेली. खालची सगळी नावं एकेक घर वर सरकली, आणि आता सर्वांत वर आलेल्या माणसाला त्याने फोन लावला.