मोहिते सरांची निवडणूक आणि तेरा मीटरवरची पोकळी

कोअर बॉक्स माहीत आहेत का? ड्रिलने जमिनीतून काढलेले दगडाचे दंडगोल ज्या लाकडी खोक्यांत ओळीने ठेवतात, ते. रिपोर्ट मंजूर झाला की आमच्या दोह्याच्या लॅबमध्ये ते दगड टाकून देतात. मोहिते सरांचे किस्से मात्र कोणी टाकत नाही. त्यामुळे आता त्यांचाच ढीग मोठा झालाय.

सर भूगर्भशास्त्रज्ञ. घाना, ओमान, मंगोलिया करून इथे आलेले. मध्ये एकदा गावी नगरपालिकेला उभे राहिले आणि डिपॉझिट घालवून बसले. वर्ल्ड कपसाठी अख्खं दोहा खणलं जात होतं, तेव्हा सर इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे होते. "आयुष्यात एकदा तरी निवडून यायचंय गं सायली," असं ते मला, प्रोबेशनवरच्या ज्युनियरला, चहा पिताना म्हणाले होते. चेष्टेत नव्हे.

*

माझा पहिलाच दिवस. सरांनी बॉक्समधली चिमूटभर माती उचलली आणि थेट तोंडात टाकली!

मी किंचाळले, "सर, थुंका!"

सर शांतपणे चावत होते. "दाताखाली कचकचली तर सिल्ट, म्हणजे बारीक गाळ. लोण्यासारखी लागली तर क्ले, चिकणमाती. घे, तू पण बघ."

मी घेतली. नाही म्हणायची हिंमत कुठे होती! कचकचली.

पुढे एकदा सरांच्या घरी जेवायला गेले. सर पहिला घास चावून म्हणाले, "भाकरी जरा सिल्टी झालीय."

काकू स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, "मग उद्यापासून क्ले खा!"

*

सर सुट्टीवरून परत येताना मी त्यांना घ्यायला एअरपोर्टवर गेले होते. सगळे प्रवासी बाहेर आले, सर नाहीत. अर्धा तास गेला. मी काकूंना दोनदा फोन केला आणि एम्बसीचा नंबर शोधून ठेवला. डोळ्यांसमोर सरांच्या हातात बेड्या!

दीड तासाने सर हसत बाहेर आले. बॅगेत मोज्यांमध्ये गुंडाळलेले सात दगड सापडले होते.

"ऑफिसरने विचारलं, मौल्यवान आहेत का? मी म्हटलं, फार!"

"सर! असं कोणी सांगतं का?"

"मग त्याने मला आत बसवलं, दार लावलं आणि ड्रॉवरमधून स्वतःचा दगड काढला. म्हणाला, यल्ला, चल, आता हा कसला ते सांग. शिंपल्याचं जीवाश्म होतं. आजोबांना वाळवंटात सापडलेलं. मग काय, वेळ लागणारच!"

*

प्रचाराला आम्ही दोह्याबाहेर, अल खोर गावी गेलो. तिथे मंडळाची चाळीसेक मतं, आणि ती राजवाडे सांगतील तिकडे जाणार. राजवाडे म्हणजे एका कॉन्ट्रॅक्टर कंपनीचे प्रोजेक्ट मॅनेजर, आमचे क्लायंटसुद्धा.

तिथल्या एका घरी पोहे आले. यजमान नव्या डायनिंग टेबलावर हात फिरवत म्हणाले, "इटालियन ग्रॅनाइट आहे बरं का!"

मी टेबलाखालून सरांच्या पायाला पाय लावला. उपयोग शून्य. सरांनी पोह्यांवरची लिंबाची फोड टेबलावर पिळली. बारीक बुडबुडे आले.

"मार्बल," सर म्हणाले. "ग्रॅनाइट असता तर ढिम्म राहिला असता."

टेबलावर रुपयाएवढा पांढुरका डाग राहिला. गाडीत बसताना मी हिशोब केला, एका फोडीत दोन मतं गेली. नवरा-बायको दोघंही सभासद होते!

*

आता त्या पोकळीचं सांगते.

स्टेडियमकडे जाणाऱ्या लोकांसाठी एक पादचारी पूल होणार होता. काम राजवाड्यांचं, खांबाखालची जमीन तपासायचं काम आमचं. तेरा मीटरवर ड्रिलचा रॉड धाडकन मीटरभर खाली गेला. मी क्लिपबोर्ड फेकून पळाले. ड्रिलर रशीदभाई पोट धरून हसले, "मॅडम, पाताल आ गया!"

इथल्या चुनखडकात अशा पोकळ्या असतात. खांबाखाली निघाली की आणखी बोअर घ्यायचे, डिझाइन बदलायचं, तारीख पुढे ढकलायची. संध्याकाळी राजवाड्यांचा फोन आला. सरांनी स्पीकरवर टाकला.

"सर, पोकळी कशाला लिहिताय? ठिसूळ खडक म्हणा. तुमची ती ज्युनियर नवीन आहे, घाबरते म्हणे. आणि शुक्रवारी मतदान आहे. अल खोरची बस मीच आणतोय."

"बस आणा की," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मग माझा लॉग, म्हणजे बोअरच्या नोंदीचा कागद, मागितला. मी पेन्सिलने लिहिलं होतं, 'पोकळी?' सरांनी खोडरबर घेतला. मला वाटलं, खलास. त्यांनी फक्त प्रश्नचिन्ह खोडलं.

"कर सही," म्हणाले.

शुक्रवारी अल खोरची बस भरून आली. सर अकरा मतांनी पडले. नव्या अध्यक्षांना पहिला हार राजवाड्यांनी घातला. सर मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. काकू त्यांच्याकडे बघतच नव्हत्या.

पार्किंगमध्ये राजवाड्यांनी मला गाठलं. मी दचकून किल्ली पाडली. त्यांनीच ती उचलून दिली, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "सायली, नाशिकला प्लॉट घेतलाय. घर बांधायचंय. सर सुट्टीत जातील तेव्हा जमीन बघून देतील का? विचारशील? मला खात्रीचा माणूस हवाय."

मी गाडीत बसलेल्या सरांना जाऊन विचारलं. सरांनी सीटबेल्ट लावला.

"विचार त्यांना," सर म्हणाले, "जे निघेल ते लिहिलेलं चालेल का?"