सोफ्याच्या चामड्याचं कव्हर

माझी नोकरी पॅकिंगची. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या बाटल्या खोक्यात भरायच्या, खोकी चिकटपट्टीने बंद करायची, पुढे सरकवायची. आठ तास उभं राहून. पहिल्या पाळीची बस दुपारी साडेतीनला मला बदलापूरला सोडते, आणि बिल्डिंगची लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यापर्यंत मी कठड्याला धरून चढते. घरी आले की मी आधी पाय बादलीतल्या पाण्यात घालून बसते. त्या वेळी माझ्याशी कोणी बोललेलं मला आवडत नाही. घरात सगळ्यांना ते माहीत आहे.

त्या दिवशी हे मात्र बोलले. हे म्हणजे माझे यजमान. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्यांनी तीसेक वर्षं सोफे शिवले. कंपवाताने त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा दुकानाच्या सिंधी शेठने काही महिने सांभाळून घेतलं, हलकी कामं दिली. पण एकदा गिऱ्हाइकाचं भारी कापड यांच्या हातून वाकडं कापलं गेलं. शेठ काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी यांनीच कात्री आणि टाचणीचा डबा उचलला, घरी आले आणि परत गेले नाहीत.

"पोरीची काठी बघितलीस का कशात बांधून नेते?" हे म्हणाले.

बघितली होती. माझ्याच जुन्या ओढणीत गुंडाळून, वरून दोरी.

आमची मुलगी तेव्हा बावीस वर्षांची होती. उल्हासनगरला एका पूल पार्लरच्या काउंटरवर ती कामाला लागली. पूल म्हणजे बिलियर्ड्ससारखा खेळ. टेबलाचा वेळ लिहायचा, बॉल मोजून द्यायचे. दुपारी पार्लर रिकामं असायचं, तेव्हा ती स्वतःच खेळून बघायला लागली. मालक चांगला होता, वयस्क, ती त्याला अंकल म्हणायची. त्याने हटकलं नाही, उलट कोपर कसं ठेवायचं ते दाखवलं. वर्षभरात ती तिथे येणाऱ्या पोरांना हरवायला लागली. आम्हाला हे सगळं पुष्कळ उशिरा कळलं, तिने स्वतःचा क्यू घेऊन घरी आणला तेव्हा. बॉल मारायचा लांब दांडा, मधोमध स्क्रूने जोडायचा, दोन तुकड्यांचा. हे त्याला काठी म्हणायचे. ती आधी त्यांचा शब्द दुरुस्त करायची, मग तिनेही नाद सोडला.

आता तिची पुण्याला राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली होती. रिक्षाच्या दांड्याला आपटून क्यूच्या पुढच्या तुकड्यावर एक खोक पडली होती. ती काही म्हणाली नव्हती, पण रोज संध्याकाळी त्या खोकेवरून अंगठा फिरवत बसायची.

"त्याची केस मिळते विकत," मी म्हणाले.

"मिळते. पण चामडं आहे ना आपल्याकडे."

माळ्यावर चामड्याची एक गुंडाळी होती. कुठल्या तरी बंगल्यातला अस्सल चामड्याचा जुना सोफा दुकानात नवीन कापड चढवायला आला होता. पाठीचा भाग चांगला होता म्हणून यांनी तो मागून घेतला आणि वर्तमानपत्रात बांधून ठेवला होता. मी स्टुलावर चढून ती गुंडाळी काढली. पांढरी बुरशी चढली होती. ओल्या फडक्याने पुसून, खोबरेल चोळून दोन दिवस गॅलरीत सावलीला ठेवली, तेव्हा खालून तपकिरी रंग वर आला.

यांनी सगळं मनात तयार ठेवलं होतं. नळाचे दोन पाईप, एक जाड, एक जरा बारीक, शेजारी शेजारी बांधायचे. जाडात क्यूचा मागचा तुकडा, बारकात पुढचा. आतून मखमल. पाईपांवर पातळ फोम आणि त्यावर चामडं गुंडाळून एका बाजूला बोटभर कड बाहेर ठेवायची आणि ती कड शिवायची. वर टोपी, टोपीला बक्कल, खांद्याला पट्टा. मोजमापं त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहिली होती. आकडे वेडेवाकडे, पण वाचता येत होते.

खडूने रेघ मारायला घेतली तेव्हा हात ऐकेना. पट्टी डाव्या हाताने दाबली तर पट्टी सरकायची, आणि उजव्या हातातला खडू चामड्यावर टकटक वाजायचा. मी बादलीत पाय घालून बघत होते. तीन वेळा रेघ पुसली त्यांनी. चौथ्यांदा माझ्याकडे न बघता म्हणाले, "जरा बस इथे."

मी ओले पाय पुसले आणि बसले.

तेव्हापासून रोज दुपारी तेच. मी घरी यायची, चहा व्हायचा आणि मग जमिनीवर चटई. हे खुर्चीत बसायचे, मी खाली. रापी कशी धरायची ते त्यांनी शिकवलं. रापी म्हणजे चामडं कापायची रुंद पात्याची सुरी. "ओढायची नाही, दाबत पुढे न्यायची." भोकं सारख्या अंतरावर पडावीत म्हणून स्वयंपाकघरातला काटा मागवला आणि त्याचे दात चामड्यावर दाबून खुणा करायला लावल्या. दुकानात याला वेगळं चाकच असतं, म्हणाले, पण काट्यानेही काम होतं. मग प्रत्येक खुणेवर आरीने टोचून भोक पाडायचं, खाली पोळपाट ठेवून. दोन सुया, एकच मेण लावलेला दोरा. एक सुई इकडून, दुसरी त्याच भोकातून तिकडून, आणि दोन्ही बाजूंनी एकदम ओढायचं.

त्यांचे डोळे अजून तसेच होते. एखादं भोक तांदळाच्या दाण्याएवढं बाजूला गेलं तरी त्यांना खुर्चीतून दिसायचं. "उसव," म्हणायचे. मी उसवायची. शिकायला येणाऱ्यांवर हे असेच खेकसायचे, हे मला दुकानातल्या लोकांकडून कळलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्यावर कधी खेकसले नव्हते. आता कामाच्या निमित्ताने ते चालू झालं होतं.

आठवड्याभराने मोठा तुकडा पाईपांवर गुंडाळून बघितला तर कडा भेटेनात. मध्ये अंगठ्याएवढी फट राहिली. मी चामडं ताणलं, ओलं करून ताणलं. नाहीच. हे कॅलेंडरचा कागद घेऊन बराच वेळ बघत बसले.

"फोम धरला नाही मी," शेवटी म्हणाले. "नुसत्या पाईपाचं माप घेतलं."

दुकानात एखाद्याने ही चूक केली असती तर त्यांनी त्याला दिवसभर सोडलं नसतं. मी तसं बोलणार होते, पण त्यांचा चेहरा बघून गप्प बसले. गुडघ्यावर ठेवलेले दोन्ही हात थरथरत होते आणि ते त्यांना थांबवायचा प्रयत्नही करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच उपाय काढला. उरलेल्या चामड्यातून लांब पट्टी कापायची, ती एका कडेला जोडून घ्यायची आणि मग बंद करायचं. म्हणजे आणखी एक शिवण, अगदी वरपासून खालपर्यंत. कंपनीत त्या आठवड्यात दोघी जणी रजेवर होत्या, त्यांचंही काम माझ्याच अंगावर. घरी येऊन मी ती पट्टी जोडायला बसले. डोळ्यांवर झापड येत होती. आरी सटकली आणि डाव्या तर्जनीत शिरली.

रक्त फार आलं नाही. पण मी आरी चटईवर टाकली.

"मला नाही होणार आता," मी म्हणाले. "आठ तास उभी असते मी. घरी येऊन परत हेच. उसव, शिव, उसव, शिव. मी काय तुमच्या दुकानात कामाला आहे का?"

हे हळू म्हणाले, "मला एकट्याला जमलं असतं तर तुला सांगितलं असतं का?"

मी उठले. बोटाला हळद लावली आणि आत जाऊन पडले. रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते, तेवढी उरली नव्हती. संध्याकाळी मुलगी आली, बोट बघितलं, चटईवरचा पसारा बघितला. "मम्मी, राहू दे ना. मी ओढणीतच नेईन," म्हणाली. ती मनापासून म्हणाली होती, तरी मला तिचाही राग आला.

तीन दिवस मी त्या कोपऱ्याकडे फिरकले नाही. चौथ्या दिवशी घरी आले तर हे खुर्चीतच मान टाकून झोपले होते. चटईवर काम उघडं पडलं होतं. मी सोडलं होतं त्याच्या पुढे सात टाके घातलेले होते. एक लांब, एक आखूड, दोन भोकाबाहेरून गेलेले. मी सकाळी सहाला घराबाहेर पडले होते. तेव्हापासून सात टाके.

मी चटईवर बसले. ते सात उसवायचे की नाही, याचा विचार केला. यांनी ते चालवून घेतले नसते. पण मी नाही उसवले. आठव्यापासून पुढे शिवत गेले. हे जागे झाले, बघितलं, आणि त्या दिवशी एकदाही "उसव" म्हणाले नाहीत.

पुण्याला जायच्या दोन दिवस आधी कव्हर पूर्ण झालं. बक्कल मुलीच्या शाळेच्या दप्तराचं. ती ते खांद्याला लावून आरशासमोर उभी राहिली. मग वडिलांच्या खुर्चीपाशी जाऊन बसली आणि शिवणीवरून बोट फिरवत राहिली. सात टाक्यांपाशी तिचं बोट थांबलं. "हे पप्पांचे ना?" तिने विचारलं. हे खिडकीबाहेर बघत होते. मी मानेनेच हो म्हटलं.

स्पर्धेत ती दुसऱ्याच फेरीत हरली. घरी आली ती जेवून सरळ झोपली. सकाळी चहा घेताना म्हणाली, समोरची मुलगी फार शांत होती, मीच घाई केली. एवढंच. मग सांगितलं की तिथे बऱ्याच जणांनी कव्हर हातात घेऊन बघितलं, आणि कर्जतच्या एका मुलीच्या वडिलांनी आपला नंबर घेतलाय.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, मी कंपनीत असताना. कर्जतजवळच्या एका गावातल्या शाळेत शिक्षक होते ते. आमच्याही मुलीला तसंच करून द्या, म्हणाले. आणि हे हो म्हणून बसले. मी घरी आल्यावर हे मला सांगताना फार खुशीत होते.

"कोण शिवणार?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी नाही शिवणार," मी म्हणाले. "पोरीसाठी शिवलं. आता नाही."

यापूर्वी कधी इतकं सरळ नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. ओरडले नाही. पाय बादलीत घातले आणि डोळे मिटून घेतले. दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. दोनदा वाटलं, हो म्हणून टाकावं. बोट अजून दुखत होतं, म्हणून म्हणाले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन लावला. मी भाजी चिरता चिरता ऐकत होते. "गुरुजी, माझे हात चालत नाहीत," ते म्हणाले. हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. डॉक्टरसमोरही ते 'थोडं हलतं' म्हणायचे. "तुम्ही चामडं घेऊन इकडे या. मी सांगतो, तुम्ही करा."

ते आले. रविवारी सकाळी, चामड्याचा तुकडा पिशवीत घालून. पन्नाशीचे, चष्मा, इस्त्रीचा शर्ट. सुई कधी हातात धरली नव्हती, हे पहिल्या टाक्यालाच दिसलं. चटईवर मांडी घालून बसले आणि हे खुर्चीत. दहा मिनिटांत यांचा आवाज चढला. "गुरुजी, ओढू नका. दाबा. दाबत पुढे न्या." गुरुजींनी निमूटपणे "हो, हो" केलं. चार रविवार आले ते. फोमचं माप यांनी पहिल्याच दिवशी तीनदा सांगितलं.

मी चहा द्यायला बाहेर जायची. चटईवर, माझ्या जागेवर, दुसरं कोणी बसलेलं बघून मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण एकदा गुरुजींनी सुया उलट्या क्रमाने घातल्या तेव्हा यांच्या आधी मीच बोलून गेले, "आधी डावीकडची." दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी कप उचलून आत आले.

शेवटच्या रविवारी गुरुजी पूर्ण झालेलं कव्हर घेऊन गेले. थोडं वाकडं झालं होतं, पण बंद होत होतं. त्यांना दारापर्यंत पोचवायला हे उठले, भिंतीला धरत परत खुर्चीत येऊन बसले.

"हात बरा आहे त्यांचा," म्हणाले. "पण तुझ्यासारखा टाका नाही."

मी चटई झटकत होते. ऐकून बरं वाटलं. आणि मी शिवत होते तेव्हाच का नाही सांगितलं, म्हणून थोडा रागही आला. दोन्ही पोटात ठेवून मी चटई गुंडाळली आणि भात टाकायला आत गेले.