काठावरची सायकल

युट्रेख्टच्या आमच्या रोइंग क्लबात एक म्हातारे डच गृहस्थ शिकवतात, तेही कालव्याच्या काठाने सायकल चालवत, ओरडून: "आधी पाय! हात नंतर!" क्लबाच्या भिंतीवर त्यांच्या आजोबांचा फोटो आहे. शंभर वर्षांपूर्वीचे हौशी चॅम्पियन. हे मात्र कधीच नावेत बसत नाहीत. न राहवून मी एकदा विचारलंच.

"वल्हवताना आपलं तोंड मागे असतं ना," ते म्हणाले. "जो पहिला, त्याला बाकीचे सगळे दिसतात. आजोबांना दिसायचे. मी कायम शेवटचा. मला नुसतं रिकामं पाणी."

रविवारी माझी पहिली शर्यत झाली. समोर रिकामं पाणी होतं, आणि काठावर, पुढच्या सगळ्या नावा सोडून माझ्याच वेगाने चाललेली त्यांची सायकल.