साहिलचं स्पिटफायर

शीतल पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. घर मात्र रोह्याजवळ वरशाला, कारण नवरा साहिल धाटावच्या कंपनीत होता. मामाने कधीकाळी दिलेला स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचा खोका त्याने जपून ठेवला होता. यंदा तो जोडायला बसला. पंख झाले, चाकं झाली, रंगही झाला. उरले फक्त पाण्यात भिजवून कागदावरून सोडवायचे आणि पंखांवर चिकटवायचे गोल छाप.

"ते तू लाव गो, तुझा हात हलत नाय," तो म्हणाला.

"गणपती होऊ दे, मग लावते."

गणपतीआधीच खांबजवळ ट्रकने त्याची मोटरसायकल उडवली.

तेरावं झाल्यावर शीतलने छापांचा पिवळा पडलेला कागद वाटीभर पाण्यात सोडला. छाप सुटले, आणि सुटतासुटताच त्यांचे तुकडे तुकडे झाले. कुंचल्याच्या टोकाने तिने ते जुळवून पाहिले. जुळेनात. इतके दिवस टिपूस न गाळलेली शीतल त्या वाटीपुढे हमसून हमसून रडली.

सासू धोंडुबाईने तिला जवळ घेतलं. "हातानं रंगव ना गो. तुला येतंय."

"नाय आई. ते लाव म्हणालेले. मीच थांबले."

विमान तसंच, बिनछापाचं, कपाटावर आहे.